कॉम्प्रेशन मोजे

कॉम्प्रेशन मोजे म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत पायाला ठरावीक दाब देणारे लवचीक, घट्ट विणीचे मोजे होत. नीलांमध्ये रक्त साचल्यामुळे पायांना येणारी सूज, जडपणा व ठणका कमी करण्यासाठी ते वापरले जातात. पाऊलदुखीच्या अनेक कारणांपैकी मोजक्याच कारणांत त्यांचा उपयोग होतो. रोहिण्या अरुंद झाल्यामुळे पाय दुखत असल्यास ते अपायकारक ठरू शकतात.

कार्यतत्त्व

माणूस स्थिर उभा असताना हृदयापासून खालपर्यंतच्या रक्तस्तंभाच्या भारामुळे घोट्याजवळच्या नीलांतील दाब सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात आणि नीलांतील झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. दीर्घकाळ एका जागी उभे राहिल्यास हा पंप थांबतो. झडपा निकामी झाल्या असतील, तर चालतानाही रक्त खाली उतरते. त्यामुळे द्रव आसपासच्या ऊतींत झिरपतो व संध्याकाळपर्यंत पाय जड होतात. मोज्यांच्या बाह्य दाबाने नीलांचा व्यास कमी होतो आणि हे झिरपणे घटते. वैद्यकीय मोज्यांत दाब घोट्यापाशी सर्वाधिक असून वर क्रमाने कमी होत जातो. नुसता घट्ट, वरच्या काठाशी काचणारा मोजा नेमके याच्या उलट काम करतो.

इतिहास

पायावरील जखमांना पट्ट्या गुंडाळण्याचा उपचार प्राचीन ग्रीक वैद्यकातही आढळतो. एकोणिसाव्या शतकात रबरी धाग्यांचे मोजे प्रचारात आले. आजच्या उतरत्या दाबाच्या मोज्यांचे श्रेय अमेरिकेतील अभियंता कॉनराड जॉब्स्ट यांना दिले जाते. त्यांना स्वतःला नीलांचा विकार होता. तरणतलावात उभे असताना पायांना आराम मिळतो, हे त्यांच्या लक्षात आले. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढत असल्याने तो घोट्याशी सर्वाधिक असतो. त्यावरून १९५० च्या सुमारास त्यांनी हे मोजे तयार केले.

दाबाची वर्गवारी निरनिराळ्या देशांत निरनिराळी आहे. 'दुसरा वर्ग' म्हणजे ब्रिटिश मानकानुसार १८ ते २४, तर जर्मन मानकानुसार २३ ते ३२ मिलिमीटर पारा. त्यामुळे वर्गापेक्षा दाबाचा आकडा अधिक विश्वसनीय असतो.

पाऊलदुखी आणि मोजे

दिवसभर उभे राहून वाढणारी व पाय उंचावर ठेवल्यास ओसरणारी वेदना बहुधा नीलांशी निगडित असते. तीत मोज्यांनी आराम पडतो. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलांना टाचेत कळ येणे हे प्लांटर फॅसायटिसचे लक्षण आहे. त्यात तळपायातील जाड पट्टीवर ताण आलेला असतो. या विकारात मोजे हा फार तर पूरक उपाय ठरतो. मुख्य भर पोटरी व तळपायाला ताण देणारे व्यायाम आणि योग्य पादत्राणे यांवर असतो. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या हत्तीरोगातील सुजेवरही दाबोपचार करतात, मात्र त्याआधी पायाची रोजची स्वच्छता व त्वचेची निगा आवश्यक असते.

धोके

काही अंतर चालल्यावर पोटरीत गोळे येऊन थांबताच ते जाणे, किंवा रात्री पाऊल दुखू लागल्यास ते पलंगाखाली लोंबते सोडल्यावर बरे वाटणे, ही रोहिण्यांतील अडथळ्याची लक्षणे होत. अशा पायाला आधीच रक्त कमी मिळत असते. वरून दाब दिल्यास ऊती मृत होण्याचा संभव असतो. म्हणून घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर तपासतात. ते ०.९ हून कमी असणे हे रोहिणीविकाराचे निदर्शक मानले जाते व ०.५ हून कमी असल्यास असे मोजे टाळतात. मधुमेहात रोहिण्या कठीण झाल्याने हे गुणोत्तर फसवे, म्हणजे प्रत्यक्षाहून चांगले येऊ शकते. शिवाय पायांची संवेदना मंदावलेली असल्यास मोजा काचल्याचे रुग्णाला जाणवतही नाही. पक्षाघाताच्या सुमारे २,५०० रुग्णांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मांडीपर्यंतचे मोजे घातलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के रुग्णांच्या त्वचेला इजा झाली. इतरांत हे प्रमाण सुमारे १ टक्का होते.

वापर

मोज्यांचे माप पादत्राणांच्या क्रमांकावरून नव्हे, तर घोटा व पोटरीचा घेर मोजून ठरवतात. सूज चढण्यापूर्वी, म्हणजे सकाळी उठताच ते घालतात व सामान्यतः रात्री काढतात. वरचा काठ दुमडल्यास तेथे दाब दुप्पट होतो. बोटे निळसर पडणे, बधिरता येणे किंवा वेदना वाढणे असे काही झाल्यास मोजे ताबडतोब काढावे लागतात. वापर व धुण्याने लवचीकता घटत असल्याने साधारण ३ ते ६ महिन्यांनी ते बदलतात.