जाळीतला जीव आणि ज्वारीची मूठ



गेल्या चातुर्मासाच्या आधी चार दिवस मुलीकडे मुंबईला गेले होते. सकाळी सामायिक करून उठले, तर बाथरूमच्या खिडकीबाहेर फडफड ऐकू आली. इमारतीच्या डक्टला नायलॉनची जाळी लावलेली. तिचा एक कोपरा सुटला होता. तिथून आत शिरलेल्या कबुतराचा पाय दोऱ्यात अडकला होता. सुटायला धडपडावे तितका दोरा घट्ट होत होता. त्याच्या खाली, जाळीच्या झोळात, एक कबूतर आधीच वाळून गेलेले दिसले. ते कधी मेले, कोणाला कळलेही नव्हते.

वॉचमनने बांबूला कात्री बांधून दोरा कापला. पाखरू उडाले, पण पाय लोंबतच होता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. कारण त्या जाळीच्या ठरावावर मुलीने सही केली तेव्हा ‘कर बाई, वाळत घातलेले कपडे खराब होतात’ असे मीच म्हटले होते. आणि तिच्याकडे असले की रोज सकाळी गच्चीवर ज्वारीची मूठ टाकणारीही मीच. दाणेही आपले, जाळीही आपली. मी कॉमर्सची, जमेबरोबर खर्चाची बाजू बघायची सवय. या हिशेबात खर्चाची बाजू मी कधी बघितलीच नव्हती.

म्हसळ्याला परत आल्यावर मी जीवदयेचा जुना इतिहास पुन्हा चाळायला घेतला. आपल्या आधीच्या लोकांनी अशा पेचात काय केले, ते पाहावे म्हणून.

आपल्याकडे पाखरांची गोष्ट बालपणीच कानावर पडते. शांतिनाथ भगवान आधीच्या एका भवात मेघरथ राजा होते. ससाण्याच्या भयाने एक कबूतर त्यांच्या मांडीवर आले. राजाने त्याला सोडले नाही आणि ससाण्यालाही उपाशी हाकलले नाही, स्वतःचे मांस तराजूत घातले. लहानपणी मला यात फक्त कबूतर दिसायचे. आता वाटते, त्या गोष्टीत तराजू फार महत्त्वाचा आहे. राजाने दयेची किंमत दुसऱ्याच्या पारड्यात टाकली नाही.

इतिहासात यावे तर १५८३ साली आचार्य हीरविजयसूरी फतेपूर सिक्रीला अकबर बादशहाला भेटले. त्यांच्या उपदेशाने बादशहाने पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या थांबवण्याचे फर्मान काढले आणि पिंजऱ्यातले पक्षी मोकळे करवले. आपल्या परंपरेत त्याला अमारी म्हणतात. आचार्यांनी बादशहाकडे स्वतःसाठी काही मागितले नाही, मुक्या जिवांची सुटका मागितली.

मुंबईचा प्रसंग १८३२ चा. भटकी कुत्री मारण्यासाठी सरकार प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस देई. पैशाच्या लोभाने कुत्रे मारणारे लोक घराघरांत शिरू लागले. जूनमध्ये पारशी बांधव रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि त्यात हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले. पण आपल्या वडीलधाऱ्यांची खरी कामगिरी दंग्यानंतरची आहे. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांनी मिळून मुंबईची पांजरापोळ उभी केली. कुत्री मारू नका एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. ती ठेवायची कुठे, त्यांना खायला काय, खर्च कोणी करायचा, हे सगळे त्यांनी ठरवले. एक पारशी आणि एक जैन एकत्र बसले, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी एसपीसीए संस्था निघाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिचेच. दिल्लीत जैन समाजाने १९२९ मध्ये पक्ष्यांचा दवाखाना सुरू केला. तो आज चांदणी चौकाजवळच्या लाल मंदिराच्या आवारात आहे. तिथे जखमी कबुतरांवर मोफत उपचार होतात.

दादरचा कबुतरखाना १९३३ चा. बांधला तेव्हा ते कारंजे होते. जवळच शांतिनाथ भगवानांचे देरासर. येणारे-जाणारे दाणे टाकू लागले, पाखरे जमली आणि कारंज्याचा कबुतरखाना झाला. आज ती वारसा यादीतली वास्तू आहे. त्या काळी भोवती कौलारू घरे, चाळी, झाडे होती. आता चहूबाजूंनी टॉवर आहेत. जागा तीच राहिली आणि भोवतालचे शहर बदलले.

कबूतर मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी. उंच इमारतीचा छज्जा, एसीच्या मागची जागा, डक्टची पट्टी म्हणजे त्याच्या दृष्टीने कडाच. झाडावर घरटे बांधायची त्याला गरजच नाही. दाणे भरपूर मिळाले तर ते वर्षभर अंडी घालते, एका वेळी दोन. म्हणजे टॉवरने त्याला कपार दिली आणि आपण धान्य दिले. मग विष्ठा वाढली, पिसे घरात आली. त्यांच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. वेळेवर लक्षात आले नाही तर फुप्फुस कायमचे निकामी होऊ शकते. हा आजार खोटा नाही आणि तो आपल्या समाजाविरुद्ध रचलेला कटही नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे विधान परिषदेत सांगितले. दादरला ताडपत्री टाकली गेली. ६ ऑगस्टला आपल्या लोकांनी ती फाडली. प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. पुढे महापालिकेने वस्तीपासून जरा दूर चार जागी, सकाळी ७ ते ९ या वेळेत दाणे टाकायला तात्पुरती परवानगी दिली. मधल्या काळात हा वाद पाखरांचा राहिला नाही, मराठी विरुद्ध जैन असा झाला. मला त्याचे फार वाईट वाटले. आपण म्हसळ्यासारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि कोकणी मुसलमान शेजाऱ्यांमध्ये राहतो. एकमेकांच्या घरचे आजारपण आपण जाणतो. शेजारणीचा खोकला आणि पारव्याची भूक यात एकच निवडा, असे धर्माने कुठे सांगितले आहे?

पण या सगळ्या गदारोळात एका गोष्टीवर कोणी मोर्चा काढला नाही. ती म्हणजे जाळी. मुंबईत जवळजवळ प्रत्येक नव्या इमारतीला ती दिसते, आता आपल्याकडच्या चार मजली इमारतींनाही दिसू लागली आहे. नीट ताणून बसवलेली जाळी पाखराला नुसती अडवते. पण सैल, फाटकी, कोपरा सुटलेली जाळी म्हणजे फास. त्यात कबूतरच अडकते असे नाही. बुलबुल, पोपट, घुबडसुद्धा अडकतात. कधी आत घरटे असताना जाळी लावून टाकतात. आई बाहेर, पिल्ले आत. काही ठिकाणी टोकदार खिळ्यांच्या पट्ट्या लावतात. कुठे चिकट जेल. त्यात पिसे माखली की पाखराला उडता येत नाही. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये.

या खिळ्यांची एक गोष्ट वाचली. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका रुग्णालयाच्या आवारातले मॅग्पाय पक्ष्याचे घरटे अभ्यासले. त्यात सुमारे १५०० खिळे होते, इमारतीवर पक्षी बसू नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्यांमधले. पाखरांनी ते उपटून नेले आणि टोके बाहेर काढून स्वतःच्या पिल्लांचे रक्षण केले. वाचून हसू आले, पण जरा शरमही वाटली.

आता आपल्या तालुक्याकडे या. चिरगाव आपल्या म्हसळा तालुक्यातच आहे. तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. एकेकाळी देशभर आकाशात दिसणारा हा पक्षी १९९० नंतरच्या काही वर्षांतच शेकडा नव्व्याण्णवहून अधिक संपला. कोणी जाळे टाकले नव्हते, बंदूक चालवली नव्हती. कारण २००४ मध्ये जाहीर झाले. गुरांना दुखू नये म्हणून देत असलेले डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले की गिधाडे ते खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले. महाडच्या सिस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिरगावच्या लोकांना बरोबर घेऊन घरट्यांची झाडे राखली, गिधाडांसाठी मेलेली जनावरे आणून टाकण्याची सोय केली. तिथे गिधाडे पुन्हा वाढली.

बैलाला सुई देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात दयाच होती, मैत्रिणींनो. ती दया कुठवर पोहोचते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. माझ्या ज्वारीच्या मुठीचेही तसेच झाले. आपल्या दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. त्याचा अर्थ मला साठी उलटल्यावर त्या डक्टच्या खिडकीत कळला.

प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणे. आजवर मला ते गायी-बैलांपुरते वाटायचे. आता एकेक पाहा. सैल जाळी म्हणजे बंध. खिळ्याने फाटलेला पाय म्हणजे छविच्छेद. वर्षानुवर्षे सवय लावून एका रात्रीत दाणे बंद करणे म्हणजे अन्नपाणी तोडणे. आणि एका चौकात, एका छतावर हजारो पाखरे गोळा करणे? तो त्या जागेवर आणि तिथल्या माणसांवर टाकलेला अतिभारच नाही का? म्हणजे मोर्चात जाणाऱ्यालाही दोष लागतो आणि ताडपत्री टाकणाऱ्यालाही.

मग करायचे काय? मी स्वतःपुरते ठरवले ते सांगते. मूठ हळूहळू कमी करायची, एकदम थांबवायची नाही. पाखरू दुसरीकडे चारा शोधायला शिकते, त्याला तेवढा वेळ द्यायचा. गच्चीत, खिडकीत, कोणाच्या घरावर पिसे उडतील अशा जागी दाणे टाकायचे नाहीत. उन्हाळ्यात पाणी मात्र ठेवायचे, रोज घासलेल्या भांड्यात. उरलेले पैसे जीवदयेच्या पेटीत घालून पक्ष्यांच्या दवाखान्याकडे पाठवायचे.

इमारतीला अटकाव करावाच लागला, तर आधी आत अंडी-पिल्ले आहेत का ते पाहायचे. असली तर थांबायचे. कबुतराची अंडी सुमारे १८ दिवसांत उबतात आणि पिल्लू महिनाभरात उडते. दीड महिना कपडे दोनदा धुवावे लागले तर लागले. छज्जावर उतरती फळी बसवली तर पाखरू बसतच नाही आणि त्याला इजाही होत नाही. जाळीच लावायची तर ताणून, चारही कोपरे बंद करून, आणि ती दर महिन्याला तपासायची जबाबदारी ठरावात नाव घालून एका माणसावर ठेवायची. खिळे आणि चिकट जेल नकोच.

मुलीच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडायला मी तिला सांगितले. ती म्हणाली, ‘आई, लोक हसतील.’ मी म्हटले, हसू देत. अमीचंद शेठही जमशेटजींबरोबर बसले तेव्हा कोणीतरी हसलेच असेल. सभा झाली. वाद झाला. शेवटी डक्टची जुनी जाळी काढून नवी ताणून बसवायची आणि महिन्याला तपासायची, एवढे मंजूर झाले. तपासणाऱ्याच्या नावापुढे मुलीने स्वतःचेच नाव लिहिले.

त्या वाळलेल्या पाखराला मात्र यातले काही मिळाले नाही. येत्या संवत्सरीला चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना माझ्या डोळ्यांसमोर तेच असेल.

मिच्छामि दुक्कडं.