डाल्टन यांचे डोळे

रंग नेमका असतो कुठे? फुलात, प्रकाशात, की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत? जॉन डाल्टन यांना हा प्रश्न १७९२ साली एका फुलाने घातला. पुढे अणुसिद्धान्तामुळे जगभर नाव झालेले डाल्टन तेव्हा इंग्लंडमधले एक तरुण शिक्षक होते.

जिरेनियमचे ते फूल इतरांना गुलाबी दिसे. डाल्टन यांना मात्र ते दिवसा आकाशासारखे निळे दिसायचे. एकदा मेणबत्तीच्या उजेडात पाहतात तो काय, निळ्याचा मागमूस नाही, फूल तांबडे! मित्रांना विचारले, तर त्यांना फारसा फरक दिसेना. डाल्टन यांच्यासारखेच पाहणारा एकच निघाला, त्यांचा सख्खा भाऊ.

१७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे डाल्टन यांनी यावर निबंध वाचला. आपली नजर चारचौघांसारखी नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा आणि तो तांबडे किरण अडवत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्याची शहानिशा व्हावी म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासण्याची त्यांनी सूचना देऊन ठेवली. १८४४ साली ते वारले. डॉक्टरांनी तपासले, तर द्रव पाण्यासारखा स्वच्छ! तर्क चुकला होता.

सुदैवाने डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले. १९९५ साली त्यातील डीएनए तपासल्यावर उलगडा झाला. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतल्या हिरव्या प्रकाशाला विशेष दाद देणाऱ्या पेशींचे रंगद्रव्य डाल्टन यांच्याकडे नव्हते.

आता फुलाचे कोडे सुटते. गुलाबी पाकळी तांबडे आणि निळे, दोन्ही किरण परत पाठवते. दिवसाच्या प्रकाशात निळे किरण भरपूर, मेणबत्तीत अगदी थोडे. तीन प्रकारच्या पेशी असल्या, की उजेड बदलला तरी मेंदू रंग बराचसा सांभाळून घेतो. दोनच प्रकारांवर भिस्त असलेल्या डाल्टन यांच्या नजरेत मात्र पारडे एकदम निळ्याकडून तांबड्याकडे झुकले.

फूल तेच होते, पाकळ्याही त्याच. प्रकाश, वस्तू आणि दृष्टी या तिघांच्या संगनमताने रंग जन्मतो. फ्रेंच भाषेत रंगांधत्वाला आजही डाल्टन यांचेच नाव आहे. शेजारच्याला रंग वेगळा दिसला, तर त्याला हसण्यापूर्वी त्यांची आठवण ठेवावी.