न दिसणारा किरण

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकाच्या रंगपट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसेना, तिथे थर्मामीटर ठेवला, आणि पारा चढला! हाच अवरक्त किरण. तो सोडणाऱ्या एलईडीचे पेटंट अमेरिकेत बिआर्ड व पिटमन यांनी मागितले ऑगस्ट १९६२ मध्ये. योगायोग असा, की आपले औद्योगिक विकास महामंडळही त्याच महिन्यातले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वसाहती त्याच्याच.

पॉवर प्रेसवर कामगाराचा हात आणि डाय यांच्यामध्ये अशा किरणांचा पडदा लावतात. किरण तुटला की प्रेस थांबते. मात्र जुनी चावीच्या क्लचची प्रेस एकदा सुटली की मध्येच थांबत नाही. तिथे पडदा लावूनही बोटे वाचत नाहीत.

गुरुजींना शाळेत हे करून दाखवता येईल. टीव्हीच्या रिमोटचा तीन पायांचा रिसीव्हर घ्यावा. उन्हातही हाच किरण असतो, म्हणून एलईडी सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकवावी, तीही थांबून-थांबून. सलग लुकलुकली तर बहुतेक रिसीव्हर तिला गोंगाट समजून गप्प बसतात. दारातून गेलेली मुले मोजायला हे झकास. प्रेसवर मात्र लावू नये. रिसीव्हर बिघडून ‘किरण दिसतोय’ असेच सांगत राहिला, तर प्रेसला कळावे कसे? कारखान्यातला खरा पडदा स्वतःलाच सारखा तपासत असतो.