झील खंय लिवलास?

मंडळी, घर आवरताना जुन्या ट्रंकेत जनगणनेच्या प्रशिक्षणाची माझी वही सापडली. फेब्रुवारी १९८१. तेव्हा मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते. शिक्षकी पेशा म्हटला की जनगणना मागे लागणारच! शाळा सुटली की घरोघर फिरायचे, माणसे मोजायची.

त्या वर्षीची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी होती. नियम असा, की माणूस त्या दिवसांत कधीही घरी असला तर गावात धरायचा. सबंध काळ बाहेर असला तर जिथे असेल तिथे मोजला जाईल. एका घरात आजी, सून आणि दोन नातवंडे. मी चार माणसे लिहिली. आजी म्हणाली, "बाईनू, झील खंय लिवलास?" झील मुंबईला गिरणीत. नियम समजावून सांगितला, तर म्हणाली, "घर तेचाच आसा मा? मग?"

मी नियम पाळला. नाव लिहिले नाही.

गंमत म्हणजे मोजणी झाली तेव्हा आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला तो जिल्हा. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि त्यातच आले. दक्षिणेकडच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले की एस.टी.ने रत्नागिरी गाठायची, आणि मुक्काम ठरलेला. पुढे दोनच महिन्यांनी, १ मे १९८१ रोजी, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. शिवरायांच्या मालवणच्या किल्ल्याचे नाव त्याला मिळाले, मुख्यालय ओरोसला आले. सर्वांना केवढा आनंद! साहेब जवळ आला.

साहेब जवळ आला, पण माणसे लांब जातच राहिली. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर काहीजण गावी परतले, बरेचसे तिथेच दुसरे काहीतरी शोधत राहिले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. येणे सोपे झाले, तसे जाणेही.

आकडे बघा. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ८,४९,६५१. रत्नागिरीचीही घटली, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. देशाची लोकसंख्या वाढत असताना आमची कमी झाली! २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६ आणि रत्नागिरीत १,१२२. बाहेरचे लोक याचे कौतुक करतात. मुलींचे स्वागत होते हे चांगलेच, पण या आकड्यात मुंबईला गेलेले झीलही लपलेले आहेत, हे कोण सांगणार?

आणि हे नुसते कागदावर राहत नाही. २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांची फेररचना झाली. आधी रत्नागिरी आणि राजापूर असे लोकसभेचे दोन मतदारसंघ होते. २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच उरला. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. शाळेचेही तेच. पट कमी झाला की शिक्षक कमी. ज्या वर्गांत मी चाळीस मुले शिकवली, तिथे निवृत्त होताना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

कधी वाटते, जनगणना फेब्रुवारीऐवजी गणेश चतुर्थीला केली असती तर? बंद घरे उघडतात, अंगणे सारवली जातात, पडवीत झोपायला जागा उरत नाही. तो आकडा खोटा, असे कसे म्हणू? नियमाने पाहिले तर माणूस एकदाच मोजला पाहिजे, हे मला कळते. पण पाणी, रस्ता, दवाखाना लागतो तो त्या गर्दीलाही.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. जून २०२५ च्या अधिसूचनेत नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरवली गेली. आजी आता नाही. तिच्या घराला कुलूप आहे, ते वर्षातून एकदा, गणपतीला निघते. नातवंडे मुंबईकर झाली.

तेव्हा नियम पाळला, चूक केली असे म्हणणार नाही. तरी त्या कागदावर मी चार लिहिले आणि आजीच्या हिशेबात घरात पाच माणसे होती. असो. तुमच्या गावच्या घरात आज किती माणसे राहतात, जरूर कळवा.