बालवाडी आणि पाळणाघर : महाराष्ट्रातील शिशुसंगोपनाच्या दोन परंपरा व पालकांपुढील निवड

प्रस्तावना :

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की नोकरी करणाऱ्या पालकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्याला कोणत्या बालवाडीत घालावे, हा पहिला. आणि बालवाडी सुटल्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याला कोठे ठेवावे, हा दुसरा. हे दोन प्रश्न आपण इतक्या सहजपणे वेगळे धरतो की त्यांच्या वेगळेपणालाही एक इतिहास आहे, याकडे लक्ष जात नाही. बालवाडी शिकवते आणि पाळणाघर सांभाळते, अशी आपली समजूत झालेली आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र शिकणे आणि सांभाळले जाणे यांत काही अंतर नसते. ही फारकत मुलाच्या गरजेतून निर्माण झालेली नसून दोन भिन्न वर्गांच्या जीवनक्रमातून निर्माण झाली आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. मुलासाठी संस्था निवडताना पालकांची जी ओढाताण होते, तिचे मूळही या फारकतीत सापडते.

एका छपराखालचा आरंभ :

युरोपातील शिशुशाळांचा आरंभ पाहिला तर तेथे ही फारकत दिसत नाही. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन याने १८१६ मध्ये आपल्या सूतगिरणीच्या वस्तीत जी शिशुशाळा सुरू केली, ती गिरणी कामगारांच्या मुलांसाठी होती. इतक्या लहान मुलांना पुस्तकांचा जाच नसावा, अशी त्याची भूमिका होती. मुलांनी खेळावे, गावे, नाचावे आणि आईबाप कामावर असताना सुरक्षित राहावे, एवढे त्याला पुरेसे वाटत होते. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया मॉण्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, तेही एका चाळवजा इमारतीतच. आईबाप कामावर गेल्यानंतर मागे राहिलेली मुले इमारतीची नासधूस करतात, ही मालकांची तक्रार त्यामागे होती. आज ज्या नावाची पाटी लावून महागड्या शाळा चालतात, त्या पद्धतीचा जन्म मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गिरणगावातील पाळणाघर :

मुंबईतही कापडगिरण्या होत्या आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत होत्या. परंतु येथे ओवेन निर्माण झाला नाही. गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलाला शेजारणीकडे, म्हाताऱ्या सासूकडे किंवा आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीकडे सोपवीत असे. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देण्याची प्रथा सर्रास होती. मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची जी पाहणी केली, तिच्या १९२२ च्या अहवालात या प्रथेची नोंद आढळते. या प्रथेचा दोष आईच्या अज्ञानावर टाकणे त्या काळच्या सुशिक्षितांना सोयीचे होते. पण गिरणीचा भोंगा आणि मुलाची भूक यांची वेळ जुळत नव्हती, हे मूळ कारण होय.

या परिस्थितीला उत्तर म्हणून जे काही घडले ते कायद्याच्या वाटेने घडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात मातृत्व लाभ कायदा संमत झाला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात भाषण केले होते. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना कारखान्यातील बालकांच्या खोलीविषयी नियम करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी अशी खोली बंधनकारक केली. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणण्यात आली.

हे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. खोली पुरेशी मोठी, उजेडाची, हवेशीर असावी. ती स्वच्छ राखली जावी. मुलांची निगा राखण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया तेथे असाव्यात. कपडे धुण्याची व बदलण्याची सोय असावी. मुलांना दूध किंवा खाणे देण्याविषयी आणि आईला मध्येच येऊन पाजता यावे याविषयी नियम करता यावेत, असे सारे त्यात आहे. परंतु मुलाने तेथे दिवसभर करावयाचे काय, याविषयी त्यात एक शब्दही नाही. पाळणाघराची कल्पना आपल्याकडे आरोग्य आणि कामगार कल्याण या खात्यांतून आली. शिक्षण खात्याशी तिचा संबंध आला नाही. शिवाय मोजणी स्त्री कामगारांची असल्याने स्त्रियांची संख्या मर्यादेखाली ठेवली की मालकाची जबाबदारी संपत असे. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत घटत गेले. त्याची कारणे अनेक आहेत, तरी कायद्यातील ही पळवाट त्या प्रवाहाच्या दिशेनेच जाणारी होती. मुलांची जबाबदारी केवळ आईची, हे गृहीतक कायद्यानेच अशा रीतीने पक्के केले. स्त्री-पुरुष असा भेद न करता पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती करणारी दुरुस्ती येण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

दादर ते कोसबाड :

गिरणगावाला लागून असलेल्या दादरमध्ये याच काळात दुसरी परंपरा आकार घेत होती. तिचा उगम भावनगरचा. गिजुभाई बधेका यांनी तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभा केला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीतून त्यांनी पालकांशी सतत संवाद ठेवला. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याच्या हातून काम होऊ द्यावे, हे विचार मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडण्याचे श्रेय बव्हंशी या चळवळीकडे जाते.

तथापि या बालमंदिरांनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मुलाला दोन-तीन तासांसाठी आणून सोडणारी व वेळेवर घेऊन जाणारी गृहिणी घरी आहे, असे ते गृहीत होते. त्या वर्गापुरते ते खरेही होते. आजच्या बालवाडीची तीन तासांची वेळ बालमानसशास्त्राने ठरवून दिलेली आहे, असे अनेकदा ऐकू येते. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते मात्र ती वेळ दादरसारख्या वस्तीतील त्या काळच्या कुटुंबरचनेची आठवण होय. परळ-लालबागची गिरणी कामगार स्त्री या वेळापत्रकात कोठेच बसत नव्हती.

ही मर्यादा ताराबाईंनी स्वतःच ओलांडली, हे त्यांचे मोठेपण. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. शहरातील बालमंदिराचा नमुना जसाच्या तसा वापरून भागणार नाही, हे तेथे लवकरच ध्यानात आले. मुले येतच नव्हती. थोरल्या मुलांना गुरे राखायची असत, मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे, आणि आईबापांच्या दृष्टीने शाळा ही त्यांच्या दिवसाबाहेरची गोष्ट होती. तेव्हा मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे, असा निर्णय झाला. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथून दिवस सुरू होई आणि त्याच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ होत. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अनुभवातून आला. मॉण्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पाने, माती, खडे यांचा वापर झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचे नसेल, तर भावंडाचीही सोय शाळेतच केली पाहिजे, इतका साधा विचार त्यामागे होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलींच्या शिक्षणासाठी दिवसभराच्या शिशुकेंद्रांची गरज मान्य केली. कोसबाडने ती त्यापूर्वीच ओळखली होती.

येथे निवडीची दिशा लक्षात घ्यावी. कोसबाडला मुलाचा दिवस आधी पाहिला गेला आणि संस्थेने त्याप्रमाणे आपले रूप बदलले. हीच दृष्टी शहरात १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘मोबाइल क्रेशेस’च्या कामात आढळते. बांधकाम मजूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणार, म्हणून पाळणाघरही त्यांच्या मागे जाणार. सांभाळ आणि शिक्षण तेथे एकाच छपराखाली होते. मुंबईतही नंतर हे काम पोहोचले.

शासकीय पातळीवर मात्र २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा कोसबाडचा शब्द देशभर गेला, कोसबाडचा दिवस गेला नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांत अंगणवाडीने फार मोलाचे काम केले आहे. पण मानधनावर काम करणाऱ्या सेविकेकडून काही तासांत ही सर्व कामे करवून घेतली गेली, आणि शेतावर वा धुणेभांड्याला गेलेल्या आईच्या कामाच्या वेळेशी अंगणवाडीची वेळ जुळली नाही.

दिशा उलटते :

१९७० नंतरच्या काळात मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे या शहरांतील मध्यमवर्गीय स्त्रिया बँका, विमा, टेलिफोन, शाळा-महाविद्यालये यांत नोकरीला लागल्या. दादरच्या शिशुविहाराने गृहीत धरलेली गृहिणी आता घरी नव्हती. बालवाडीने आपली वेळ बदलली नाही. ती उणीव शेजारच्या काकूंनी भरून काढली. स्वतःच्या दोन खोल्यांत सात-आठ मुले सांभाळणाऱ्या या स्त्रियांनी एका पिढीच्या नोकऱ्या शक्य केल्या. परंतु त्यांची नोंदवही नाही, अहवाल नाही, संस्थेचा सुवर्णमहोत्सवी अंकही नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मौखिक साधनांकडे वळावे असे हे क्षेत्र आहे, आणि ती पिढी हयात असेतो ते झाले पाहिजे.

त्याच काळात इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळांनी शिशुवर्ग जोडून घेतले. तीन वर्षांच्या मुलाचा प्रवेश म्हणजे दहावीपर्यंतची जागा, असे समीकरण झाले. आता मुलाप्रमाणे शाळा बदलण्याऐवजी शाळेप्रमाणे मूल तयार करणे सुरू झाले. मुलाखतीत रंग आणि फळे ओळखून दाखविण्याची तालीम घराघरांत चालू लागली. प्राध्यापक यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती घेण्यावर बंदीची शिफारस केली. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची छाननी करण्यास मनाई केली. परंतु त्या कायद्याचा मुख्य वयोगट सहा ते चौदा असाच राहिला. तीन ते सहा या वयाला शालेय रचनेत स्थान मिळाले ते २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्याच्या रूपाने.

निवडीचे निकष :

या इतिहासातून पालकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, पाटीवरील नावावर विसंबू नये. ‘मॉण्टेसरी’ हे नाव कोणीही लावू शकतो. तेथे मूल स्वतः साधन निवडून, हवा तितका वेळ हाताळते की चाळीस मुले एका सुरात अक्षरे म्हणतात, हे वर्ग चालू असताना तासभर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. पालकांना आत येऊ न देणाऱ्या संस्थेविषयी त्यामुळेच शंका घ्यावी. दुसरी गोष्ट अंतराची. अंगणवाडीतील अंगण हा शब्द शोभेचा नाही. व्हॅनमध्ये जाऊन-येऊन दीड तास घालविणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी नामांकित शाळेचा लाभ किती उरतो, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. तिसरी भाषेची. घरात मराठी, मालवणी किंवा अहिराणी बोलणारे मूल पडले, त्याला शी लागली, कोणी त्याला मारले, तर ते आपल्या शब्दांत कोणाला सांगू शकेल, एवढे विचारले तरी पुरे. माध्यमाच्या वादापेक्षा हा प्रश्न या वयात अधिक निकडीचा आहे.

पाळणाघराविषयी आपण सहसा स्वच्छता, डबा आणि शुल्क एवढेच विचारतो. हे १९४८ च्या कलमाचेच संस्कार म्हणावयाचे. दुपारच्या चार-पाच तासांत मुलाशी कोण बोलते, ते झोपेतून उठल्यावर कोण जवळ घेते, दूरचित्रवाणी किती वेळ चालू असते, सांभाळणाऱ्या बाई वर्षभर त्याच असतात की दर दोन महिन्यांनी बदलतात, हे प्रश्न बालवाडीच्या अभ्यासक्रमाइतकेच शैक्षणिक आहेत. लाजाळू, वारंवार आजारी पडणाऱ्या किंवा उशिरा बोलू लागलेल्या मुलाच्या बाबतीत तर दोन संस्था आणि तीन अनोळखी प्रौढ यांपेक्षा एकच जागा आणि एकच ओळखीचा चेहरा केव्हाही श्रेयस्कर, मग ती जागा कमी प्रतिष्ठित का असेना.

२०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पालना’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघर ही कल्पना केंद्र सरकारने स्वीकारली. विकासवाडीने जे एकत्र आणले होते, ते कागदावर पुन्हा एकत्र आले आहे. आपल्या महाविद्यालयांत पन्नासाहून अधिक कर्मचारी सहज असतात, आणि आवारात एखादी रिकामी खोलीही बहुधा असते. गृहविज्ञान, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांचे विभाग असलेल्या किती महाविद्यालयांनी ती खोली उघडली आहे, याची माहिती विद्यापीठनिहाय गोळा करणे फारसे अवघड नाही. तोवर साडेबारा वाजता बालवाडी सुटते, रिक्षावाले काका मुलाला पाळणाघराच्या दारात उतरवितात, आणि त्या वेळी आई तिसऱ्या तासिकेची हजेरी घेत असते.