दूध आणि मटण: एकाच वाड्यातले

खाण्यावर मत नसलेला माणूस सापडणे कठीण. हे मत आपण वाचून, तपासून बनवलेले नसते. आईच्या चुलीपाशी पाटावर बसल्या बसल्या ते अंगात मुरलेले असते. म्हणूनच मांसाहार, शाकाहार आणि अलीकडचा व्हीगन आहार यांच्या वादाकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे असे सुचवले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग सावध होतो. आता आपल्याला काहीतरी सोडायला सांगणार, अशी शंका त्याला येते. वाचकांनी ती शंका तूर्त उंबऱ्याबाहेर ठेवावी. कोणाच्या ताटातले काही उचलून घेण्याचा इथे इरादा नाही. ताटातला पदार्थ तिथवर कसा आला, एवढेच विचारायचे आहे.

प्रश्न घरातला असला तरी तो घरात राहत नाही. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले. म्हणजे दहांच्या पंगतीत चार न खाणारे आणि सहा खाणारे. राज्याने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडी आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा सरकारी निधी थांबवला. दोन्ही वेळा वाद रंगला. व्हीगन पदार्थांसाठी देशात २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आले. ज्या मताला कायदा, अंदाजपत्रक आणि पाकिटावरची खूण लागते, ते मत केवळ जिभेचे उरत नाही.

या अभ्यासाची सुरुवात आटपाडीपासून करावी, असे आम्हाला वाटते. पर्जन्यछायेतला हा माणदेशाचा मुलूख. माळरान मोठे, पाऊस बेभरवशाचा, आणि टेंभू सिंचन योजनेचे पाणी शिवारात येईपर्यंत बाजरी, हुलगा, मटकी यांच्यापलीकडे फारसे काही न पिकणारी जमीन. अशा ठिकाणी माणसाला जनावराने तारले. खिल्लार बैलाचा एक प्रकार ‘आटपाडी महाल’ या नावानेच ओळखला जातो. शेळ्या-मेंढ्यांसाठी इथला बाजार आणि उत्तरेश्वराची कार्तिक यात्रा दूरवर प्रसिद्ध आहेत. २०२० मध्ये या तालुक्यातल्या एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने तरीही तो दिला नाही, ही बातमी देशभर गाजली. जनावराकडे केवळ मांस म्हणून पाहणारा माणूस हा व्यवहार समजू शकणार नाही, आणि केवळ भूतदयेने पाहणाराही नाही.

नव्या वाचकाने आधी इथले शब्द ऐकावेत. ‘मांसाहारी’ हा शब्द पुस्तकातला. गावात म्हणतात ‘वशाट’. देवाला गोडा निवद असतो आणि वशाटाचाही असतो. सण पुरणपोळीचा, तर दुसऱ्या दिवशीची कर मटणाची. ज्याने पंढरीची माळ घातली तो माळकरी वशाटाला शिवत नाही, पण त्याचा सख्खा भाऊ यात्रेत बोकड कापतो आणि दोघांची चूल शेजारी-शेजारी पेटते. खंडोबाच्या कथेत तर हा समझोता देवाच्या संसारातच आहे: म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडगा चढतो आणि त्याच देवाच्या नावाने कितीतरी घरांत बोकडही पडतो. तेव्हा ‘तू शाकाहारी की मांसाहारी?’ या प्रश्नाला इथले खरे उत्तर अनेकदा ‘वार कोणता?’ हे असते. तुम्हाला ही सोयीस्कर पळवाट वाटेल. थोडे थांबून पाहिलेत, तर रोज मांस परवडू नये अशा मुलखाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादाही तिच्यात दिसेल.

या चौकटीत व्हीगन विचार नवखा आहे. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला. मांसाबरोबर दूध, तूप, अंडी, मध, लोकर आणि चामडेही वर्ज्य, अशी त्याची मागणी. ऐकताक्षणी माणदेशी माणूस दचकतो. मटण सोडणारे त्याने पुष्कळ पाहिले आहेत. दही आणि घोंगडी सोडणारा पाहिलेला नाही. आपल्याकडचा जुना वाद मटण आणि दूध यांच्यामध्ये रेघ ओढून चालत आला. रेघेच्या एका बाजूला हिंसा, दुसऱ्या बाजूला सात्त्विकता.

ती रेघ धनगराच्या वाड्यावर टिकत नाही. वाडा म्हणजे इथे इमारत नव्हे. मेंढरे, घोडी, कुत्री आणि बिऱ्हाड घेऊन चारणीच्या मागे फिरणारा तळ. दिवाळीनंतर माणदेशातले वाडे चाऱ्याच्या शोधात दूर निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. लेंड्यांचे खत त्याला मिळते आणि मेंढक्याला धान्य किंवा पैसे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी होते, कळपातल्या शेळीचे दूध चहात पडते. आणि नर? सगळे नर ठेवले तर माळावरचा चारा पुरत नाही, म्हणून ते विकले जातात. दूध, लोकर, खत आणि मटण ही चार वेगळी खाती नाहीत. ती एकाच कळपाची वही आहे.

या अभ्यासात आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. व्हीगन कार्यकर्ता सांगतो की दुधाच्या मागे नर वासराचे मरण लपलेले असते. मेंढका ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, फक्त तो ती लपवत नाही. दोघांचे निष्कर्ष उलटे आहेत, पण वस्तुस्थितीबद्दल दोघांचे एकमत आहे. कोंडी होते ती मधल्याची, दूध पिऊन मटणापासून हात झटकणाऱ्याची. आपल्यापैकी पुष्कळजण तिथेच बसलेले असतात.

त्या मधल्या जागेची बोच गांधीजींना चुकली नाही. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. पुढे दुखणे जिवावर बेतले तेव्हा, व्रत घेताना गाय-म्हैसच मनात होती असा अर्थ लावून त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले, आणि व्रताचा आत्मा त्यात मोडला याची खंत आत्मचरित्रात नोंदवली. याच गांधीजींच्या सल्ल्याने औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वराज्याची घटना स्वीकारली. आटपाडी त्या संस्थानातलाच तालुका, शेळ्यांचा मुलूख. योगायोग म्हणून तो सोडून देता येईल. पण दुधाचा प्रश्न परदेशातून आयात झालेला नाही, याची आठवण तो करून देतो.

दुसरा धागा मानाचा आहे आणि त्याला हात लावताना सावध असावे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्या त्यागामागे अहिंसेपेक्षा स्वाभिमान होता. आटपाडीत जन्मलेल्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ वाचताना भूक आणि अपमान एकाच ताटात कसे वाढले जातात हे उमगते. उलट, शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने दलितांच्या हिणवल्या गेलेल्या पदार्थांची अभिमानाने नोंद केली. सोडण्यात मान आणि सांगण्यातही मान. कायद्याचेही असेच आहे. १९९५ मध्ये मंजूर झालेली गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने २०१५ मध्ये लागू झाली. कोणाला ती श्रद्धेचा विजय वाटली. थकलेला बैल विकून नवा घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे मात्र दावणीला चारा कोठून घालायचा, हा प्रश्न उभा राहिला.

मग सुरुवात कोठून करावी? वाचकांनी पहिल्यांदा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) हाती घ्यावी. दुष्काळात माणूस आणि मेंढरू एकाच नशिबाला कसे बांधलेले असतात, हे तिच्याइतके कोणी दाखवलेले नाही. मग धनगरांच्या दैवतांवरचे गुंथर सोंथायमर यांचे संशोधन आणि रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ पाहावे. माळकऱ्यांच्या विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधणारा हा ग्रंथ आपल्या विषयाला अनपेक्षित खोली देतो. आहारशास्त्र आणि हवामानशास्त्र यांनाही जवळ ठेवावे. ब-१२ जीवनसत्त्व निव्वळ वनस्पतींतून मिळत नाही, हे व्हीगनाने मान्य करावे लागते. रवंथ करणारी जनावरे मिथेन सोडतात, हे खाणाऱ्याने. मात्र कोंडवाड्यात धान्य चारून वाढवलेले जनावर आणि नांगर न चालणाऱ्या माळावर चरलेले मेंढरू यांचा हिशेब एकाच आकड्याने करू नये.

आणि एखाद्या दिवशी पहाटे आटपाडीच्या बाजारात जाऊन उभे राहावे. गिऱ्हाईक ओठ वर करून दात पाहते, पाठीवरून हात फिरवते, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. कोणी ईदसाठी घेतो, कोणी जत्रेसाठी, कोणी पाळायला. विकणाऱ्या बाईला सहज विचारा, याच्या जोडीचे कोठे आहे म्हणून. जुळ्यातली पाट तिने घरी ठेवलेली असते, पुढच्या वर्षीच्या दुधासाठी. बोकड तेवढा बाजारात आणलेला असतो. तिचे उत्तर ऐकून मग आपले मत पुन्हा एकदा तपासून पाहा.