भाताची रोपवाटिका आणि मृद्‌जिवाणू : राबापासून जिवाणू संवर्धकापर्यंत

प्रस्तावना

भातपिकाचे यश लावणीपूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत पुष्कळसे ठरून जाते. रोप सशक्त व भरपूर मुळांचे असेल तर ते चिखलात लवकर जीव धरते. खुरट्या रोपाची उणीव पुढे दिलेल्या खतांनीही पुरती भरून निघत नाही. रोपे जोमाने वाढतात ती मातीत नेमके काय घडल्यामुळे, या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत वेगवेगळी उत्तरे मिळाली. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा आणि त्यांतून घडलेल्या व्यवहाराचा आढावा घेतला आहे.

राब : पद्धती आणि वाद

कोकणात पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांची कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते जाळण्याची प्रथा होती. यालाच राब म्हणतात. १८७८ च्या वनकायद्यानंतर कवळतोडीवर निर्बंध आले. वनखात्याच्या दृष्टीने ती जंगलाची नासाडी होती, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने भातशेतीची पूर्वअट होती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या व अशा गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. राब आवश्यक आहे की ती केवळ जुनी सवय आहे, हा शेतीशास्त्राचा प्रश्न अशा रीतीने हक्कांचा प्रश्न बनला.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापविलेल्या मातीतील जिवाणूंची संख्या प्रथम घटते व नंतर पूर्वीपेक्षाही वाढते, आणि त्याबरोबर मातीतील अमोनियाही वाढतो, असे दाखविले होते. जिवाणूंना खाणारे आदिजीव उष्णतेने मरतात, हे त्यांचे स्पष्टीकरण पुढे जसेच्या तसे टिकले नाही. मेलेल्या सूक्ष्मजीवांचे विघटन होऊन नत्र मोकळे होते, यावर आज अधिक भर दिला जातो. तथापि माती हे केवळ खनिजांचे भांडार नसून तिच्यात सजीवांची उलाढाल चालते, ही दृष्टी या काळात दृढ झाली.

नत्राचा शोध

जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये मुळांभोवतीच्या जिवाणूसमृद्ध मातीला ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले होते. भाताच्या बाबतीत महत्त्वाची भर ढाका विद्यापीठाचे पी. के. डे यांनी घातली. पाण्याखालील भातखाचरात नत्राचे स्थिरीकरण प्रामुख्याने नीलहरित शैवाल करते, असे त्यांनी १९३९ मध्ये मांडले. आज या शैवालाची गणना जिवाणूंतच होते. फारसे खत न घालताही खाचरे वर्षानुवर्षे पीक कशी देतात, याचा त्यामुळे बराचसा उलगडा झाला.

पुढे ब्राझीलमध्ये योहाना डोबरायनर यांनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांवरील जिवाणूंचा अभ्यास केला. बायजेरिंक यांनी १९२५ मध्ये वर्णिलेल्या जिवाणूला १९७८ मध्ये ‘ॲझोस्पिरिलम’ या स्वतंत्र प्रजातीत स्थान मिळाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर नत्रखते महागली होती. त्यामुळे भात, गहू यांसारखी पिके डाळवर्गीय पिकांप्रमाणे हवेतून नत्र मिळवतील, अशी मोठी आशा निर्माण झाली.

स्पष्टीकरणातील बदल

ही आशा पूर्णांशाने फळाला आली नाही. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात. ॲझोस्पिरिलम मात्र मुळांच्या पृष्ठभागावर व काही अंशी आत राहतो आणि पिकाला मिळणारे नत्र मर्यादितच असते. तरीही रोपांची वाढ होत होती. १९७९ मध्ये बाजरीवरील प्रयोगातून या जिवाणूची वाढप्रेरके, विशेषतः ऑक्झिन, पुढे आली. ऑक्झिनमुळे उपमुळे व मूलरोम वाढतात आणि रोप मातीतील पाणी व अन्नद्रव्ये अधिक शोषू शकते. याच सुमारास क्लोपर व श्रॉथ यांनी वाढीस चालना देणाऱ्या मूलजिवाणूंची स्वतंत्र संकल्पना मांडली.

महाराष्ट्रात १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणू संवर्धक चोळणे किंवा लावणीपूर्वी रोपांची मुळे संवर्धकाच्या द्रावणात बुडविणे, या शिफारशी रूढ झाल्या. परंतु पाकिटातील जिवाणू जिवंत असतील तरच त्यांचा उपयोग असतो. ऊन व दीर्घ साठवण त्यांना मारक ठरते. भारतात १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. तोपर्यंत या आदेशान्वये त्यांच्या गुणवत्तेचे मानक बंधनकारक नव्हते. या विलंबाची किंमत निकृष्ट पाकीट विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला मोजावी लागली.

निष्कर्ष

राबामुळे झाडे व मातीतील सेंद्रिय द्रव्य यांची हानी होते, म्हणून आज त्याऐवजी गादीवाफ्यांची शिफारस केली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु राबावर बंधने आली तेव्हा त्याचा परिणाम कशामुळे होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. जिवाणू संवर्धकांच्या बाबतीत याच्या उलट घडले. स्पष्टीकरण आधी आले, प्रसार झाला आणि गुणवत्तेची हमी मागाहून आली. दोन्ही प्रसंगी शेतावरील प्रत्यक्ष अनुभवाची पडताळणी मागे राहिली. स्थानिक माती, भाताचा वाण व पाण्याची स्थिती यांनुसार या जिवाणूंचा परिणाम बदलतो. म्हणून रोपवाटिकेतील प्रयोग शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्या सहभागाने होणे हीच या इतिहासाची शिकवण ठरते.